मॅन्युअल नसलेल्या देशातलं मासिक

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतलं 'गेम इन्फॉर्मर' हे व्हिडिओ गेमचं मासिक त्याच्या मालक कंपनीनं एका दिवसात बंद केलं. १९९१ पासून चाललेलं मासिक, पण जुन्या लेखांसकट वेबसाइटही काढून टाकली. मार्च २०२५ मध्ये नव्या मालकानं ते पुन्हा सुरू केलं, तेव्हा गेम खेळणाऱ्यांनी हुश्श केलं. अशा प्रत्येक बातमीवर चर्चा होते आणि ती एकाच वाक्यावर येऊन थांबते: इंटरनेट आलं, मासिकं गेली.

हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. रशियात तर ते नीट लागूच पडत नाही. तिथलं व्हिडिओ गेमचं पहिलं मासिक म्हणून जे ओळखलं जातं, ते 'व्हिडिओ-आस डेंडी' (पुढचं नाव 'वेलिकी द्राकोन') १९९३ मध्ये निघालं. तेव्हा महागाईनं लोकांचं कंबरडं मोडलं होतं आणि कारखान्यांत पगार महिनोन्महिने थकत होते. ते बंद पडलं २००४ मध्ये. तोवर तेलाच्या पैशानं रशियन मध्यमवर्ग बराच सावरला होता आणि घरोघरी इंटरनेट पोचायला अजून अवकाश होता. म्हणजे हालाखीत वाढलं आणि बरे दिवस आल्यावर मेलं. हे कोडं सोडवायचं तर आधी विचारायला हवं की हे मासिक नेमकं विकत काय होतं.

## आधी डेंडी म्हणजे काय ते

सोव्हिएत संघात संगणकाची कमी होती, डोक्यांची नव्हती. टेट्रिस १९८४-८५ च्या सुमारास मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव्हनं लिहिला. पण सामान्य घरात टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, जवळजवळ नव्हतंच. विज्ञान मासिकांत प्रोग्रॅम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी खेळ छापून येत. वाचक एकेक बटण दाबून तो प्रोग्रॅम भरत आणि पडद्यावरच्या नुसत्या आकड्यांकडे बघत चंद्रावर यान उतरवत. मला याचं आजही नवल वाटतं.

डिसेंबर १९९२ मध्ये स्टीपलर नावाच्या मॉस्कोच्या संगणक कंपनीनं 'डेंडी' बाजारात आणला. कल्पना होती व्हिक्टर साव्युक या तिथल्या तरुण कर्मचाऱ्याची. डेंडी म्हणजे निन्तेंदो या जपानी कंपनीच्या 'फॅमिकॉम' कन्सोलची तैवान-चीनमध्ये बनलेली नक्कल. मूळ फॅमिकॉम १९८३ चा, म्हणजे रशियन मुलांच्या हाती आलेलं तंत्रज्ञान तेव्हाच जवळपास दहा वर्षं जुनं होतं. पण निन्तेंदोची रशियात ना शाखा होती, ना विक्री. त्यामुळे नकलेला अडवणारं कुणी नव्हतं आणि तुलनेला असली मालही नव्हता. कार्टूनपट बनवणाऱ्या इव्हान माक्सिमोव्हनं डेंडीचं बोधचिन्ह म्हणून एक हत्ती काढून दिला, टीव्हीवर जाहिराती झळकल्या आणि दोनेक वर्षांत डेंडी हे कन्सोलचंच नाव होऊन बसलं.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना हे यंत्र नवं नाही. आपल्याकडे 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी जे 'व्हिडिओ गेम' मिळायचे, ती याच फॅमिकॉमची भावंडं. तीच पिवळी कार्ट्रिज, म्हणजे खेळ भरलेल्या प्लास्टिकच्या डब्या, तोच मारिओ, तोच काँट्रा आणि 'इतके लाख इन वन' म्हणून आत तेच वीस-पंचवीस खेळ फिरवून फिरवून दाखवणारी यादी.

## खोक्यात काय नव्हतं?

असली निन्तेंदो घेणाऱ्या अमेरिकी मुलाला कार्ट्रिजबरोबर एक पुस्तिका मिळे: कुठलं बटण कशाचं, शत्रू कोण, गोष्ट काय. तरी अडलं तर १९८८ पासून निन्तेंदोचं स्वतःचं मासिक होतं. फोन केला तर पलीकडून गेममधली अडचण सोडवून देणारी पगारी माणसं होती. खेळाइतकीच खेळाची माहितीही कंपनी पुरवत होती.

रशियातल्या बाजारात मिळणारं कार्ट्रिज बहुतेक वेळा चोरून बनवलेलं. पुस्तिका नाही. लेबलावर भलत्याच खेळाचं चित्र. आत कधी इंग्रजी खेळ, कधी थेट जपानी. उड्या मारायच्या आणि गोळ्या झाडायच्या खेळाला भाषा लागत नाही, पण जिथं गावकऱ्यांशी बोलून वाट शोधायची असते तिथं मुलगा पहिल्या पडद्यावरच अडकायचा.

त्यात भर पासवर्डची. त्या काळी बऱ्याच कार्ट्रिजमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नसे. टप्पा पार केला की पडद्यावर एक खूण दिसे, ती वहीत लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. 'मेगा मॅन २' मध्ये तर अक्षरांऐवजी पाच ओळी आणि पाच स्तंभांची चौकट आहे. कुठल्या घरात ठिपका आहे ते टिपायचं: ए-५, बी-२, असं. एक ठिपका चुकला की सगळं मुसळ केरात. पण योग्य चौकट कुणी आयती दिली, तर आठवडाभराचे कष्ट वाचून थेट शेवटच्या राक्षसाच्या किल्ल्याशी पोचता येतं.

माहिती मिळत नाही तिथं अफवा पिकतात. ऐंशीच्या दशकात सोव्हिएत मुलांकडे अंडी झेलणाऱ्या लांडग्याचा एक हातात मावणारा खेळ होता, तोही निन्तेंदोचीच नक्कल. एक हजार गुण झाले की पडद्यावर कार्टूनपट दिसतो, असं प्रत्येक शाळेत सांगितलं जाई. गुणांची जागा तीनच आकड्यांची, ९९९ नंतर पुन्हा शून्य येतं. कार्टूनपट नव्हताच, पण एक पिढी अंडी झेलत राहिली. डेंडीच्या काळात अशा अफवा शंभर पटींनी वाढल्या, कारण खेळ शेकडो झाले आणि विचारायला कुणीच नव्हतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर पाठ्यपुस्तक हाती पडलं होतं, तेही परक्या भाषेतलं, आणि शिकवायला मास्तर नव्हते. अशा वेळी दप्तरात जे लागतं ते म्हणजे गाईड. रशियातल्या पहिल्या गेम मासिकानं हा गाईडचा धंदा केला.

## मासिक निघालं, आणि लगेच भांडणही

१९९३ मध्ये 'व्हिडिओ-आस डेंडी' या नावानं ते निघालं. संपादक होते व्हालेरी पोल्याकोव्ह. नावातच डेंडी असल्यामुळे स्टीपलरचा फायदा उघड होता. मासिक वाचून मुलं कार्ट्रिज घेणार, कार्ट्रिज घेऊन मासिक घेणार. आत असायचं काय? खेळांची वर्णनं, टप्प्याटप्प्यानं खेळ कसा पार करायचा त्याच्या वाटा, पासवर्ड, गुप्त कोड आणि वाचकांची पत्रं.

साधं वाटणारं हे काम किचकट होतं. आज स्क्रीनशॉट म्हणजे एक बटण. तेव्हा जगभरातल्या छोट्या संपादक मंडळींना बरेचदा टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढावा लागे. त्यातही गंमत आहे. जुना काचेचा टीव्ही संपूर्ण चित्र एकदम दाखवत नाही. तो ते ओळी-ओळीनं रंगवतो आणि युरोपातल्या टीव्हीवर पूर्ण चित्र व्हायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. कॅमेऱ्याचं आतलं झाकण (शटर) त्याआधी मिटलं की फोटोत आडवा काळा पट्टा येतो. म्हणून खोली अंधारी करायची, कॅमेरा तिवईवर बसवायचा, झाकण जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात पडद्यावरचा हिरो हलू द्यायचा नाही.

थोड्याच काळात मासिक आणि स्टीपलर यांचं फाटलं. स्टीपलरनं 'डेंडी: नवं वास्तव' या अर्थाच्या नावाचं स्वतःचं मासिक काढलं आणि १९९४ मध्ये त्याच नावाचा टीव्ही कार्यक्रमही सुरू केला. सादरकर्ता होता सेर्गेई सुपोनेव्ह, मुलांच्या कार्यक्रमांतला रशियातला सर्वांत लाडका चेहरा. पोल्याकोव्हच्या मासिकानं नाव बदलून 'वेलिकी द्राकोन' केलं, म्हणजे महान ड्रॅगन.

हत्तीच्या मागे पैसा होता, टीव्ही होता. ड्रॅगनकडे यातलं काही नव्हतं. तरी टिकला ड्रॅगनच. १९९६ मध्ये स्टीपलर कोसळली आणि तिच्या जोरावर उभं असलेलं सगळं तिच्यामागे गेलं. शिवाय माझ्या मते टीव्हीला एक अंगभूत मर्यादा होती. पंधरा अक्षरांचा पासवर्ड पडद्यावर झळकून गेला तर तो टिपून घेणार कोण, आणि व्हीसीआर किती घरांत होता? कागद मात्र कार्पेटवर कन्सोलशेजारी उघडा पडून राहतो.

## पगारच नव्हते, मग मासिक घेत कोण होतं?

हा प्रश्न रास्त आहे. १९९२ मध्ये रशियात किमती साधारण २६ पट झाल्या. जानेवारीत १०० रुबलना मिळणारी वस्तू डिसेंबरअखेर २६०० ला. १९९३ मध्ये त्यावर आणखी नऊ-साडेनऊ पट. अशा वेळी जुनी नियतकालिकं पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडली. 'नोव्ही मीर' हे साहित्यिक मासिक १९९० मध्ये पंचवीस लाखांहून अधिक प्रती काढत होतं. पुढच्या काही वर्षांत तो आकडा हजारांत आला. त्यातली मेख वर्गणीत होती. वर्षाची वर्गणी आधीच घेतलेली, २ जानेवारी १९९२ ला सरकारनं किमती मोकळ्या सोडल्या, आणि वाचकांनी भरलेल्या पैशात काही महिन्यांतच कोरा कागदही येईना.

(आपल्याकडे 'सोव्हिएत देश' किंवा लोकवाङ्मय गृहात मिळणारी स्वस्त, गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं ज्यांना आठवतात, त्यांनी हाच भूकंप दुसऱ्या टोकाला अनुभवला. ती यायची बंद झाली ती याच सुमारास.)

नव्या मासिकांच्या गळ्यात हे जुनं ओझं नव्हतं. त्या काळातल्या रशियन नियतकालिकांवर किमतीच्या जागी 'किंमत मुक्त' असं छापलेलं आढळतं. छापखान्यातून निघून टपरीवर पोचेपर्यंत रुबल कुठं असेल ते कुणालाच ठाऊक नसायचं, म्हणून आकडाच छापायचा नाही. विकणारा त्या दिवशीचा भाव सांगणार. भुयारी रेल्वेच्या वाटांतले, बाजारातले फेरीवाले गठ्ठे रोखीनं उचलत. ज्याला उधारीवर माल द्यावा लागला, त्याचे पैसे हातात येईपर्यंत वितळलेले असत.

वाचकाचं गणितही वेगळं होतं. नवं कार्ट्रिज महाग, म्हणून मुलं आपसात अदलाबदल करत. बाजारात थोडे पैसे घेऊन जुनं कार्ट्रिज बदलून देणारे गाळेही होते. एक प्रत वर्गभर फिरे, पासवर्डची पानं वहीत उतरवली जात. खेळ बदलत राहायचे, म्हणून माहितीचं मोल टिकायचं. ज्या घरात नवा खेळ वर्षातून एकदाच येतो, तिथं जुना खेळ पुरवून पुरवून खेळायची युक्ती ही चैन राहत नाही. मासिकाच्या किमतीत तीस नवे जीव मिळत होते असं म्हटलं तरी चालेल. काँट्रातला तो कोड आठवतो ना? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, मग बी आणि ए. आपल्याकडे तो गल्लीत तोंडोतोंडी आला.

## पण हा सगळा खेळ चोरीच्या मालावरच ना?

होय, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. कन्सोल नक्कल, कार्ट्रिज नक्कल, आणि त्यांना लागणारी माहिती छापून मासिक विकलं जात होतं. मात्र दुसरी बाजूही बघायला हवी. ज्या देशात अधिकृत माल विकायलाच कुणी येत नाही, तिथं चोरीनं कुणाचा धंदा बुडवला हे सांगणं अवघड आहे. खुद्द निन्तेंदोनं १९९४ मध्ये स्टीपलरशी करार केला तो 'सुपर निन्तेंदो' हा आपला पुढचा कन्सोल विकण्यासाठी, आणि डेंडीचा वाद तिथंच मिटवला. नकलेनं ग्राहक तयार केला होता, हे जपान्यांना कळलेलं होतं.

मासिकाच्या दृष्टीनं चोरीचा परिणाम मात्र दुहेरी होता, आणि पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. चोरीमुळे पुस्तिका नाही, म्हणून वाचक मिळाले. पण चोरटा विक्रेता जाहिरात देत नाही. मासिकाची कमाई दोन वाटांनी होते: अंकाची विक्री आणि जाहिरात. ज्या बाजारात अधिकृत गेम कंपन्याच नाहीत, तिथं दुसरी वाट जवळपास बंद. सगळा भार अंकाच्या विक्रीवर, म्हणजे बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशावर.

## अभ्यासक्रम बदलला

१९९५-९६ पासून नवे स्पर्धक आले. 'मागाझिन इग्रुशेक', म्हणजे खेळण्यांचं दुकान, हे १९९५ चं मासिक पुढे 'गेम.एक्झे' झालं आणि पीसीवरच्या खेळांवर मोठ्यांसाठी लिहू लागलं. १९९६ मध्ये 'स्त्राना इगर', म्हणजे खेळांचा देश. १९९७ मध्ये 'इग्रोमानिया'. चकचकीत रशियन मासिकं तेव्हा फिनलंडमध्ये छापून आणायची पद्धत होती, कारण देशातल्या छापखान्यांना तो दर्जा जमत नव्हता. ऑगस्ट १९९८ मध्ये रुबल गडगडला. डॉलरला सहाच्या आसपास असलेला भाव वर्षअखेर वीसच्या पुढे गेला, आणि परदेशी छपाईचं बिल काही महिन्यांतच तिप्पट झालं. तरी ही मंडळी तगली, कारण अधिकृत वितरक हळूहळू उभे राहत होते आणि ते जाहिरात देत होते.

ड्रॅगनचा पाया मात्र वेगळ्याच ठिकाणी खचत होता. डेंडी आणि सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचे कन्सोल यांच्या जागी प्लेस्टेशन आलं. त्यात मेमरी कार्ड नावाची साधारण काडेपेटीएवढी वस्तू होती. खेळ तिच्यात साठतो, तेव्हा पासवर्डची गरजच संपली. एवढ्याशा तुकड्यानं मासिकाची कित्येक पानं निकामी केली. दुसरीकडे चोरटेही सुधारले. मॉस्कोत गोर्बुनोव्ह सांस्कृतिक भवनाजवळचा 'गोर्बुश्का' बाजार चोरट्या सीडींसाठी प्रसिद्ध होता. तिथं आता रशियन भाषांतर केलेले खेळ मिळू लागले. पीसीच्या खेळांत 'फार्गुस' हा छाप तर घराघरात पोचला. भाषांतर अनेकदा हसू येण्यासारखं असे, पण खेळ काय सांगतोय ते कळत होतं. आणि मग '१सी'सारख्या कंपन्यांनी अस्सल खेळ साध्या डबीत घालून चोरट्या सीडीच्या जवळपास भावात विकायला सुरुवात केली.

म्हणजे खोक्यात जे नव्हतं ते एकेक करून खोक्यात आलं: भाषा, साठवण, कधी कधी पुस्तिकाही. वाचकही मोठा झाला. १९९३ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा २००४ मध्ये तेवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला.

## तरी शेवटी इंटरनेटनंच मारलं ना?

ड्रॅगनपुरतं बोलायचं तर, नाही. निदान मुख्य मारेकरी ते नव्हे. २००४ मध्ये रशियात शंभरातले साधारण तेराच लोक इंटरनेट वापरत होते आणि त्यातही बहुतेक फोनच्या तारेवरून, मिनिटं मोजत. त्याच काळात 'इग्रोमानिया'सारखी मासिकं जोरात होती. ती जोरात का होती ते बघितलं की चित्र स्पष्ट होतं: अंकाबरोबर सीडी आणि पुढे डीव्हीडी मिळायची. नव्या खेळांचे नमुने, दुरुस्तीच्या फाइली, चित्रफिती असं सगळं फोनच्या तारेवरून उतरवायला रात्री जागवाव्या लागल्या असत्या. आपल्याकडे २००१ मध्ये मुंबईहून निघालेल्या 'डिजिट'ची सीडी ज्यांनी जपून ठेवली, त्यांना हे वेगळं समजावायला नको. इंटरनेट अर्धवट असण्यावर ही मासिकं जगत होती.

ड्रॅगनला ती सोय नव्हती. कन्सोलच्या वाचकाला तेव्हा दुरुस्तीच्या फाइली लागत नव्हत्या, त्यामुळे कन्सोल मासिकाच्या डिस्कवर ठेवायला तसं फारसं काही नसायचं. कार्ट्रिजवाल्या पिढीचं मासिक म्हणून ते वाढलं होतं. जाहिरात पीसीकडे आणि मोठ्या, चकचकीत स्पर्धकांकडे वळली होती.

इंटरनेटनं मारलं ते पुढच्या फळीला. ब्रॉडबँड आलं तशी डिस्क निरुपयोगी झाली, आणि २००८ च्या मंदीत जाहिरातीही आटल्या. 'स्त्राना इगर' २०१३ मध्ये बंद पडलं. 'गेम.एक्झे' तर त्याआधीच, २००६ मध्ये गेलं होतं. त्याच्याकडे गाईड म्हणून कुणी बघतच नव्हतं, लोक ते लिखाणासाठी घ्यायचे: लांबलचक, तिरकस, कधी खेळाबद्दल चार ओळी आणि बाकी लेखकाचं मनोगत. खेळ अजिबात न खेळणारा माणूसही वाचेल असं. तेही टिकलं नाही, त्यामुळे 'दर्जा राखला असता तर वाचलं असतं' हा युक्तिवाद मला पटत नाही. दर्जाला वाचक होते, पण छपाईचा खर्च भागवेल इतकी जाहिरात मिळेलच असं नव्हतं.

'इग्रोमानिया'चा छापील अंक सर्वांत शेवटी, २०१८ मध्ये थांबला. वेबसाइट मात्र चालू राहिली. खेळ अडला की तो कसा पार करायचा हे शोधत लोक तिथंही येतातच. फक्त त्यासाठी आता कुणी वेगळे पैसे मोजत नाही.